चौडा रास्त्यातला ळ

जयपूरच्या चौडा रास्त्यात पुस्तकांची दुकानं आजही ओळीनं आहेत; आसपासचे खिळ्यांचे छापखाने मात्र गेले. आम्हा मराठी मंडळींची गणेशोत्सवाची स्मरणिका अशाच एका छापखान्यातून निघायची. राजस्थानीत ळ आहे, म्हणून पेटीत त्याला घर असायचं, पण खिळे मोजकेच. सकाळ, वेळ, केळी, मंडळ करत मराठी मजकूर ते भराभर संपवायचा. ‘भाईसाहब, ळ खतम,’ असं जुळाऱ्यानं म्हटलं की झालेली पानं छापून, खिळे सोडवून पुन्हा पेटीत पडेपर्यंत काम थांबे. ‘दऱ्या’तला अर्धा र तर नसेच, सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होऊन जाई. ल आणि श हिंदी वळणाचे, ते चालवून घ्यायचो.

आता तीच स्मरणिका ‘सिगिल’मध्ये ईपब, म्हणजे ई-पुस्तक, म्हणून तयार होते. कोविद गोयल यांनी २००६ साली सुरू केलेलं ‘कॅलिबर’ आणि २००९चं ‘सिगिल’, ई-पुस्तकांची ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत. ळ हवे तितके. मजकुराची भाषा मराठी अशी कोडमध्ये नोंदवली आणि फॉन्टमध्ये सोय असली, की ल नि श आपल्या वळणाचे उमटतात. ते बघून मन भरून येतं.

ईपबमधले मॅनिफेस्ट, स्पाइन हे शब्द ऐकून तरुण मुलं बिचकतात. छापखाना पाहिलेल्यांना ते चटकन उमगतात. ईपब हे झिप केलेलं गाठोडं. आत कोणती प्रकरणं, चित्रं, फॉन्ट आहेत त्याची यादी म्हणजे मॅनिफेस्ट. कशामागून काय वाचायचं तो क्रम म्हणजे स्पाइन; बाइंडर फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी छापलेला बारीक आकडा बघून फर्मे लावायचा, तेच हे काम. नाव, संपादक, भाषा ही माहिती मेटाडेटात.

जुळारी शीर्षकाचे खिळे वेगळ्या पेटीतून काढायचा, मोकळी जागासुद्धा शिशाचा तुकडा घालूनच सोडायचा. सगळं ठरवून. मधल्या डीटीपीच्या काळात ती शिस्त सुटली. अक्षर ठळक केलं की झालं शीर्षक, चारदा एंटर दाबलं की झाली जागा! कागदावर ते खपलं. ईपबमध्ये वाचक अक्षर मोठं करतो, पानं नव्यानं पडतात आणि ते एंटर भलतीकडेच भगदाड पाडतात. शीर्षकाला ‘हेडिंग’ अशी खूण केली, तरच सिगिल त्यातून अनुक्रमणिका बनवून देतं.

सांगानेरच्या हातकागदाचं मुखपृष्ठ गेलं, याची हळहळ वाटते. त्याचा खरखरीत स्पर्श पडद्यावर कुठून येणार?

जुने अंकही ईपबमध्ये आणतो आहोत. खिळ्यांवरचे सरळ पुन्हा टंकता येतात. त्रास डीटीपीच्या फायलींचा. त्या युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या. उघडल्या की रोमन अक्षरांचा नुसता गोंधळ. कन्व्हर्टरमधून काढल्या तरी पहिली वेलांटी आणि रफार जागा सोडतात, म्हणून छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघणं सध्या चालू आहे.