गाठीची पारख

मराठीत 'गाठ' हा शब्द मोठा मायेचा आहे. माणसांची गाठ पडते, लग्नाची गाठ बांधली जाते, चार पैसे गाठीला असावेत असे वडीलधारी मंडळी सांगत असतात. मात्र हाच शब्द स्त्रीच्या छातीशी जाऊन बसला की घरातील बोलणे थांबते. कळंब हे चिंतामणीचे गाव म्हणून सर्व विदर्भात प्रसिद्ध आहे; पण ही एक चिंता येथेही कोणी कोणाला सांगत नाही. आमच्या ख्रिस्ती कुटुंबांची गोष्ट याहून निराळी नाही.

एका माउलीकडे रुग्णाभ्यंगासाठी आम्हाला बोलावणे आले, तेव्हा गाठीची जखम झालेली होती. पदराखाली हळदीची पट्टी बांधून कापसाचे दोन हंगाम तिने ती कोणालाही दाखविली नव्हती. "फादर, दुखत तं नोहोतं, मंग कोनाले काय सांगू?" हे तिचे शब्द होते. दुखत नाही म्हणजे साधी, हा समज किती खोलवर रुजला आहे! वस्तुतः स्तनाच्या कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखतच नाही. पोप सहावे पौल यांनी १९७२ साली रुग्णाभ्यंगाचा विधी नव्याने लावून दिला आणि हा संस्कार केवळ अखेरच्या श्वासासाठी नाही हे स्पष्ट केले. तरीही आम्हाला बोलावणे येते ते अखेरीसच, आणि डॉक्टरांना तर कधी कधी त्याच्याही नंतर.

दुसरीकडे, भीतीपोटी गाठ लपविणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांची गाठ साधीच असते. पाण्याची पिशवी असते, किंवा तरुण वयात होणारी, बोटाखाली सरकणारी तंतुमय गाठ असते. प्रश्न पारखण्याचा आहे. हाताने तपासणी, मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि सुईने काढलेला तुकडा ही त्याची नेहमीची वाट. या वाटेवर उत्तरे एकमेकांशी जुळेनाशी झाली, किंवा घराण्यातच हा रोग असला, तर एमआरआयचा विचार होतो.

या चुंबकीय विद्येच्या इतिहासात आपल्या मुंबईचाही वाटा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे आर्नॉल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी १९५१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मद्यार्कातील हायड्रोजन चुंबकात एका सुरात बोलत नाही. तो कोणत्या अणूंच्या शेजारी बसला आहे त्याप्रमाणे त्याचे तीन निरनिराळे सूर उमटतात, असे त्यांनी दाखविले. यांपैकी एस. एस. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या शास्त्राचा पाया घातला. १९७१ साली रेमंड डमॅडियन यांनी उंदरांच्या गाठींवर प्रयोग करून सांगितले की, रोगट पेशींतील पाण्याचा हा सूर निरोगी पेशींपेक्षा अधिक काळ रेंगाळतो. पुढे अनुभव आला की तेवढ्यावरून साधी गाठ आणि घातक गाठ यांची फारकत होत नाही.

खरी मदत झाली ती शिरेतून दिल्या जाणाऱ्या गॅडोलिनियमच्या औषधाची. घातक गाठ आपल्यासाठी घाईघाईने नव्या रक्तवाहिन्या उभारते, आणि घाईचे काम कच्चे असते, त्या झिरपतात. म्हणून औषध तेथे पहिल्या एक-दोन मिनिटांत झपाट्याने चढते आणि लगेच उतरू लागते. साध्या गाठीत ते बहुधा सावकाश चढत राहते. हे वाचताना आम्हाला सेमिनरीतील दिवस आठवले. मनात आलेली प्रेरणा कोठून आली हे ओळखायचे असेल तर तिचा आरंभ, मध्य आणि शेवट तिन्ही पाहावेत, अशी शिकवण संत इग्नाती यांनी दिली आहे. एका क्षणाच्या चित्रावरून निवाडा करायचा नाही, हेच डॉक्टरही करतात!

धर्मट्टींच्या त्या सुरांचाही येथे उपयोग झाला. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींत कोलिन नावाच्या द्रव्याचा सूर ठळक उमटतो; दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत एन. आर. जगन्नाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर महत्त्वाचे काम केले. परंतु लहान गाठीत हा सूर ऐकूच येत नाही, आणि बाळाला पाजणाऱ्या निरोगी आईच्या स्तनातही तो सापडतो. औषधाच्या चढ-उतारालाही दोन्ही बाजूंनी अपवाद आहेत. म्हणून शेवटचा शब्द सुईने काढलेल्या तुकड्याचा आणि सूक्ष्मदर्शकाचाच. सुई लावली की गाठ पसरते, या भीतीने कोणीही ती तपासणी टाळू नये.

एवढे मोठे यंत्र खेड्यातील प्रत्येक स्त्रीसाठी नाही, आणि त्याची गरजही नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पन्नाशी आणि त्यापुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले, पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र तशी घट दिसली नाही. आमच्या मते महिला मंडळाच्या सभेत, ५ फेब्रुवारीला संत आगाथाच्या सणाच्या निमित्ताने, एखाद्या परिचारिका धर्मभगिनीला बोलावून हे शिकवून घेणे सहज शक्य आहे. स्तनांचा छळ सोसलेली ही रक्तसाक्षी या रुग्णांची आश्रयदात्री आहे.

ज्यांना यंत्रात जावेच लागते, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कळंबहून वर्ध्याचा रस्ता सरळ आहे. सेवाग्राम आणि सावंगीची मोठी रुग्णालये तेथेच आहेत. या तपासणीत क्ष-किरण नसतात. पालथे झोपून सुमारे अर्धा तास निश्चल राहावे लागते, आणि ठोकल्यासारखा मोठा आवाज होतो. मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण, अंगातील धातू किंवा हृदयाचे यंत्र याविषयी आधीच सांगावे. गळ्यातील क्रूसाची साखळी काढावी लागते, मंगळसूत्रही. आमच्याकडील एका मावशींना हेच सर्वांत जड गेले. लग्नापासून ते गळ्यातून उतरले नव्हते. त्यांची गाठ पुढे साधी निघाली. जपमाळही बाहेर ठेवायला सांगितली, तेव्हा त्यांनी आम्हाला विचारले, "फादर, मंग जप कसा मोजू?" बोटे हलवायची नाहीत, पण मनात एकेका बोटाची आठवण करीत दहा 'नमो मरिया' होतात, असे आम्ही सांगितले. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, पाच दशके झाली आणि सहावे अर्धे राहिले.