घंटी मागापर्यंत पोचली पाहिजे

भिवंडीच्या निजामपुऱ्यात एखाद्या गादीवर किंवा कारखान्यात ऑफिसच्या फोनांचं जुनं यंत्र, म्हणजे ईपीएबीएक्स, उतरवून नेटवर्कवर चालणारा आयपी पीबीएक्स बसवायला गेलं की मालकाची मागणी एकच असते, "भाई, बस पहले जैसा कर दो." नव्या यंत्रात किती एक्स्टेन्शन चालतात, रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, मोबाइलवर ॲप येतं का, हे सगळं ते शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी पुन्हा तेच म्हणतात. बाहेरच्या माणसाला ही मागणी मागासलेली वाटेल. मला ती अत्यंत रास्त वाटते, आणि माझ्या कामातली सर्वांत अवघडही.

अवघड का, ते सांगतो. जुन्या लँडलाइनचा फोन स्वतः काहीच ठरवत नसे. एक्स्चेंजमधून तांब्याच्या जोडीवर ४८ व्होल्ट डीसी यायचे. घंटी वाजवायची असेल तेव्हा त्याच जोडीवर साधारण ७५ व्होल्टचा, २५ हर्ट्झचा प्रवाह यायचा. रिसीव्हर उचलला की सर्किट पूर्ण, ठेवला की तुटलं, आणि क्षणभर तुटून लगेच जुळलं तर एक्स्चेंज त्याला फ्लॅश समजायचं. कॉल वेटिंग, कॉल फॉरवर्डिंग, तिघांचं एकत्र बोलणं, एसटीडी लॉक, पहाटेचा गजर या साऱ्या सोयी एक्स्चेंजमध्येच राहायच्या. मग ते मनकापूरच्या आयटीआय कारखान्यातलं ई-१०-बी असो की १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉटचं. ऑफिसातल्या ईपीएबीएक्सनं तीच रचना लहान करून भिंतीवर टांगली. एकच यंत्र, एकच प्रोग्राम, त्यामुळे ट्रान्सफरचा अर्थ सगळ्या टेबलांवर एकसारखा.

इंटरनेटवरच्या आवाजासाठी जो सिप नावाचा प्रोटोकॉल आज सगळीकडे चालतो, त्याचं पहिलं प्रमाणक आरएफसी २५४३ म्हणून मार्च १९९९ मध्ये आलं आणि जून २००२ मध्ये आरएफसी ३२६१ नं त्याची जागा घेतली. त्यात एक्स्चेंजकडची अक्कल काढून टोकांना, म्हणजे फोनला दिली आहे. प्रमाणक लिहिणाऱ्यांनी क्रियापदं ठरवून दिली: इन्व्हाइट, ॲक, बाय, कॅन्सल, रजिस्टर. पुढे २००३ मध्ये रेफर आलं. या क्रियापदांतून होल्ड कसा घडवायचा, कॉल पिकअप कसा करायचा, हे मात्र बरंचसं बनवणाऱ्यावर सोडलं. २००८ च्या आरएफसी ५३५९ मध्ये होल्ड, ट्रान्सफर, पिकअप, पार्क अशा सोयींचे नमुने आहेत, पण नमुन्यांनी कोणाचे हात बांधले जात नाहीत. मी हा दस्तऐवज पुन्हा पुन्हा वाचतो. लिहिणाऱ्यांनी मेहनत घेतलेली आहे. तरी दोन कंपन्यांचे फोन एकाच पीबीएक्सवर लावले की एकाचा होल्ड दुसऱ्याला फक्त शांतता वाटते, हे मी कित्येकदा पाहिलं आहे.

मेहताजींचा हात घ्या. यंत्रमागाच्या ऑफिसात हिशेब, हजेरी आणि फोन तिन्ही मेहताजींकडे असतं. फोन आला, शेठजींना द्यायचा आहे. फ्लॅश दाबायचा, १२ फिरवायचा, "शेठ, सायझिंगवाल्याचा फोन आहे" म्हणायचं आणि रिसीव्हर ठेवून द्यायचा. ठेवणं म्हणजेच ट्रान्सफर पूर्ण. सिपमध्ये हीच गोष्ट घडायला मेहताजींचा फोन पहिल्या माणसाला रेफर पाठवतो आणि त्यात सांगतो की माझं शेठजींशी जे संभाषण चालू आहे त्याच्या जागी तू जा. या "जागी जा" साठी रिप्लेसेस नावाचं वेगळं शीर्ष आहे, २००४ च्या आरएफसी ३८९१ मधलं. कागदावर ही रचना फार सुरेख आहे. पण बऱ्याच आयपी फोनवर ट्रान्सफरचं बटण दोनदा दाबावं लागतं आणि मध्येच रिसीव्हर ठेवला तर एक पाय तुटतो. वर्षानुवर्षं ठेवण्याची सवय असलेला हात चार दिवसांत बदलत नाही, आणि बदलावा तरी का? फोनच्या मेनूत खोलवर "रिसीव्हर ठेवल्यावर ट्रान्सफर" अशा अर्थाची एक खूण असते. ती लावली की मेहताजींना नवीन काही शिकावं लागत नाही. ही खूण ज्या फोनमध्ये नाही तो फोन मी मेहताजींच्या टेबलावर ठेवत नाही, मग तो कितीही स्वस्त असो.

आता बिझी टोन. हा विषय माझ्या विशेष जिव्हाळ्याचा.

भारतातला बिझी टोन म्हणजे ४०० हर्ट्झचा आवाज, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. तो ऐकून मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटमधल्या दलालाला एक पक्की गोष्ट कळायची, की शेठ जागेवर आहेत, बोलतायत, थोड्या वेळानं पुन्हा लावू. नव्या आयपी फोनवर मात्र एकाच नंबरावर दोन, चार, सहा कॉल घेता येतात. शेठ एकाशी बोलत असताना दुसरा फोन आला तर यंत्र १८० रिंगिंग असं उत्तर पाठवतं आणि पलीकडच्याला घंटी वाजताना ऐकू येते. वाजत राहते. कोणी उचलत नाही. कापडाच्या धंद्यात उधारीवर माल फिरतो, पेमेंटची तारीख उलटून गेलेली असते, आणि अशा वेळी घंटी वाजूनही फोन न उचलण्याला एक अर्थ असतो. शेठ टाळतायत. बिझी टोन त्या माणसाची अब्रू सांभाळत होता. सोय वाढवण्याच्या नादात आपण तो काढून टाकला आणि काय काढलं हे कोणाला कळलंही नाही.

म्हणून शेठजींच्या एक्स्टेन्शनला मी एका वेळी एकच कॉल ठेवतो. दुसरा आला की ४८६ बिझी हिअर जातं. आरएफसी ३३९८ मध्ये जुन्या टेलिफोन जाळ्याचे कारण-क्रमांक आणि सिपची उत्तरं यांची जोडणी दिली आहे. त्यात जुना १७ क्रमांक, म्हणजे समोरचा बिझी, याची जोडी ४८६ शी लावलेली आहे. ट्रंक, म्हणजे बाहेरची लाइन, देणाऱ्या कंपनीच्या यंत्रापर्यंत हा अर्थ शाबूत गेला तर दलालाला त्याचा ओळखीचा टोन मिळतो. फोनची वायर निघालेली असेल तर ४८० जायला हवं, नकार दाबला तर ६०३. काही यंत्रं या तिन्हींना एकच ध्वनिफीत लावून मोकळी होतात. ती मी बंद करतो. तीन वेगळ्या परिस्थितींना एकच वाक्य ऐकवणं ही माहितीची नासाडी आहे.

टोनचंही तसंच. परदेशी बनावटीचा फोन खोक्यातून काढून तसाच लावला की त्यात बऱ्याचदा अमेरिकेची घंटी असते, दोन सेकंद वाजून चार सेकंद गप्प. आपल्याकडची घंटी ०.४ सेकंद वाजते, ०.२ थांबते, पुन्हा ०.४ वाजते आणि दोन सेकंद गप्प होते. हा फरक फोन करणाऱ्या माणसाला शब्दांत सांगता येत नाही, पण "लाइन कुछ अलग लग रही है" असं तो म्हणतोच. देश निवडायचं एक खातं मेनूत असतं. दोन मिनिटांचं काम. ते न करता बिल हातात देणाऱ्याला मी कारागीर मानत नाही.

मिस्ड कॉलचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. भिवंडीचा एसटीडी कोड ०२५२२. शेजारचं ठाणं मुंबईच्या ०२२ मध्ये गेलं, भिवंडी वेगळीच राहिली. मुंबईशी रोजचा व्यवहार असलेल्या गावाला मुंबईचा कॉल एसटीडी पडायचा, त्यामुळे इथे न उचललेल्या घंटीची एक भाषाच तयार झाली. अंजूरफाट्यावरून ड्रायव्हरनं एक घंटी देऊन कापलं की गाडी निघाली. दोनदा कापलं की गेटवर आली, हमाल पाठवा. उचलल्याशिवाय मीटर चालू होत नाही, या एका नियमावर ही भाषा उभी होती. मोबाइल आले, बोलणं जवळजवळ फुकट झालं, तरी गोडाऊनमध्ये ही पद्धत गेलेली नाही, कारण त्यात बोलावंच लागत नाही.

आयपी पीबीएक्स आला की पहिल्याच घंटीला गोड आवाजात स्वागत सुरू होतं. म्हणजे २०० ओके गेलं, कॉल उचलला गेला, मीटर चालू झालं आणि निरोप हरवला. सिपमध्ये मिस्ड कॉल म्हणजे इन्व्हाइट, १८० आणि मग कॅन्सल, आणि मूळ इन्व्हाइटला ४८७ चं उत्तर. यंत्राच्या नोंदवहीत तो नंबरासकट, सेकंदासकट राहतो, म्हणजे जुन्यापेक्षा उत्तम. फक्त तो घडू दिला पाहिजे. गोडाऊनच्या ड्रायव्हरांचे आणि ट्रान्सपोर्टवाल्यांचे नंबर मी यादीत घालतो आणि त्यांचा कॉल स्वागताच्या ध्वनिफितीला वगळून थेट गोडाऊनच्या फोनवर वाजवतो. तांब्याची लाइन गेटवेवरून घेतलेली असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. फोन करणाऱ्याचा नंबर काही एक्स्चेंज घंटीच्या आधी पाठवतात, काही पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मध्ये. गेटवेनं घाई केली तर नंबर येण्याआधीच कॉल पुढे जातो आणि ड्रायव्हरची गणती अनोळख्यांत होते.

आणि मोठी घंटी. मागाच्या शेडमध्ये उभं राहून शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. तिथे साध्या फोनची घंटी निरुपयोगी. म्हणून जुन्या कारखान्यांत फोनच्या जोडीवर समांतर एक दणदणीत गाँग लावलेली असायची. एक्स्चेंजचा घंटीचा प्रवाहच ती वाजवायचा. आयपी फोनला तो प्रवाह येत नाही, त्याच्याकडे स्पीकर तेवढा असतो. तो शेडमध्ये लावून "आवाज फुल केला आहे" असं सांगणं मला पटत नाही. मी तिथे जुन्या फोनसाठीचं पोर्ट असलेला छोटा अडॅप्टर देतो. एक इन्व्हाइट मेहताजींच्या फोनलाही जातं आणि अडॅप्टरलाही. पहिला जो उचलेल त्याचं २०० ओके, दुसऱ्याला कॅन्सल. सिपची ही फाटे फोडण्याची रीत मला तिच्यातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. अडॅप्टरची ताकद मात्र एक्स्चेंजइतकी नसते, जड गाँग तो ओढत नाही. मग त्याच्यापुढे रिले टाकायचा आणि गाँगला वेगळी वीज द्यायची. जॉबरनं मागावरून मान वळवून पाहिलं तरच घंटी पोचली, ही माझी कसोटी.

विजेचा मुद्दा थोडक्यात. जानेवारी २००७ पासून इथलं वीज वितरण टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून आहे. तरी वीज कधी जाणारच नाही असं धरून कोणी चालू नये. जुना फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर जगायचा. आज स्विचमधून नेटवर्कच्याच वायरीवर वीज देता येते आणि तीही नाममात्र ४८ व्होल्टच आहे. पण त्या स्विचला, राउटरला आणि फायबरच्या डब्याला तिघांनाही यूपीएस नसेल तर त्या ४८ व्होल्टांचा काही उपयोग नाही. बहुतेक ठिकाणी डब्याला विसरतात.

एक मागणी मात्र मी पुरी करत नाही. सुरतेच्या ऑफिसाशी इंटरनेटनं जोडून द्या, म्हणजे इथून फिरवलेला नंबर तिथल्या लँडलाइनवरून लोकल म्हणून निघेल. तांत्रिकदृष्ट्या तो एका ओळीचा नियम आहे. पण परवाना नसताना इंटरनेटवरचा आवाज दुसऱ्या शहराच्या टेलिफोन जाळ्यात असा सोडणं बेकायदा आहे. आपल्या दोन ऑफिसांनी आपापसांत बोलावं, बाहेरचे कॉल परवानाधारक कंपनीच्या ट्रंकवरूनच जावेत.

शेवटी माझ्या व्यवसायबंधूंना आणि मालकांना कळकळीची विनंती. पुष्कळ आयपी पीबीएक्समध्ये पहिल्या एक्स्टेन्शनचा नंबर आपोआप १०१ पडतो आणि आपणही तो तसाच ठेवतो. १०१ हा अग्निशमन दलाचा नंबर आहे. कापड, सूत आणि पुठ्ठ्यानं भरलेल्या या गावात आग ही रोजची भीती आहे. आगीत घाबरलेला हमाल १०१ लावेल आणि रिसेप्शनच्या रिकाम्या टेबलावर घंटी वाजत राहील. तेव्हा एक्स्टेन्शन २०१ पासून सुरू करा. १०० आणि ११२ हेही मोकळे ठेवा. बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य दाबायची पद्धत असेल तर हे तिन्ही नंबर शून्यासह आणि शून्याशिवाय, कोणत्याही फोनवरून, लॉक लावलेला असला तरी, थेट बाहेर जातात की नाही ते प्रोग्राममध्ये स्वतः उघडून पाहा. जुन्या ईपीएबीएक्समध्ये हे नीट होतं की नव्हतं, हा प्रश्न इथे विचारू नका. नव्यात ते असलंच पाहिजे.