शेजारधर्म आणि लोकशाही

शेजारधर्माचीं दोन वचनें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. पहिलें असें कीं, दुसऱ्याच्या घरच्या भांडणांत पडूं नये. दुसरें असें कीं, शेजारीं आग लागली तर बोलावण्याची वाट पाहूं नये. दोन्ही वचनें खरीं आहेत आणि पुष्कळदां तीं एकाच माणसाच्या तोंडून निघतात. पंचाईत होते ती दोहोंच्या सीमेवर. शेजारच्या कौलांतून निघणारा धूर चुलीचा कीं आगीचा, हें ठरवावें कोणीं? आणि जो बादली घेऊन धांवत सुटतो, त्याची नजर आगीवर आहे कीं घरांतल्या चीजवस्तूंवर, हें तरी ओळखावें कसें?

आम्ही पूर्वीं ज्या वाड्यांत राहत होतों, तेथें रात्रीं-अपरात्रीं एका बिऱ्हाडांतून मारहाणीचा आवाज येत असे. 'घरगुती बाब आहे' असें म्हणून आम्ही कूस बदलीत असूं, आणि सकाळीं नळावर त्या बाईंच्या तोंडाकडे पाहण्याचें टाळीत असूं. एकदां समोरचे एक गृहस्थ एकटेच समजूत घालावयास गेले, ते अपमान होऊन परत आले; कारण त्यांचें आणि त्या घराचें जिन्याखालच्या जागेवरून जुनें वांकडें होतें, आणि तें साऱ्या वाड्याला ठाऊक होतें. या गोष्टीचा शेवट पुढें सांगूं.

राष्ट्रांच्या बाबतींतहि आमचें मत बरींच वर्षें पहिल्या वचनाच्या बाजूचें होतें. एखाद्या देशांत लोकांनीं निवडलेलें सरकार सेनापतीनें उलथून पाडलें, तर आपण हळहळावें. परंतु तें पुन्हां उभें करणें हें त्या देशाच्या लोकांचें काम, शेजाऱ्यांचें नव्हे, असें आम्ही मानीत होतों. या मताला पुरावा म्हणून आम्ही नेहमीं अमेरिकेच्या दोन खंडांचा इतिहास पुढें करीत असूं. शेजाऱ्यांनीं मिळून लोकशाही राखण्याची भाषा तेथें फार बोलली गेली, आणि त्या भाषेची विटंबनाहि तेथें तितकीच झाली. अलीकडे तोच इतिहास पुन्हां चाळतांना आमचें मत पूर्वींच्या जागीं राहिलें नाहीं. तें कसें हललें, तें सांगण्याचा येथें विचार आहे.

सन १९४८ च्या एप्रिलांत कोलंबियाची राजधानी बोगोटा येथें २१ राष्ट्रांनीं अमेरिकी राष्ट्रसंघटनेच्या सनदेवर सह्या केल्या. त्या सनदेंत शेजारधर्माचीं दोन्ही वचनें एकाच पाटावर बसलेलीं होतीं. एका कलमांत, अमेरिकी राष्ट्रांचें ऐक्य प्रातिनिधिक लोकशाहीच्या पायावर उभें असावें, असें म्हटलें होतें. दुसऱ्यांत, कोणत्याहि राष्ट्रानें कोणत्याहि कारणासाठीं दुसऱ्याच्या अंतर्गत कारभारांत हात घालूं नये, असें बजावलें होतें. या दुसऱ्या कलमाचा आग्रह दुर्बळ राष्ट्रांचा होता, आणि तो अकारण नव्हता. संयुक्त संस्थानांचे सैनिक १९१२ पासून निकाराग्वांत आणि १९१५ पासून हैतींत वर्षानुवर्षें तळ देऊन बसलेले त्यांनीं पाहिले होते. म्हणूनच १९४५ सालीं उरुग्वेचे परराष्ट्रमंत्री एदुआर्दो रोद्रिगेस लारेता यांनीं, शेजारच्या देशांत लोकांचे हक्क तुडविले जात असतां सर्वांनीं मिळून कांहीं केलें पाहिजे, अशी सूचना मांडली, तेव्हां वॉशिंग्टननें ती उचलून धरली आणि बाकीच्या बहुतेकांनीं ती नाकारली. मोठ्या शेजाऱ्याला जी बादली इतकी आवडली, तिच्यांत पाणीच आहे ना, अशी शंका त्यांना आली.

ती शंका किती रास्त होती, तें नऊच वर्षांत कळलें. ग्वाटेमालांत १९४४ च्या क्रांतीनंतर हुआन होसे आरेवालो नांवाचे एक अध्यापक निवडणुकीनें अध्यक्ष झाले. त्यांच्यामागून १९५१ सालीं हाकोबो आर्बेन्स आले. आर्बेन्स यांनीं पडीत जमिनी भूमिहीनांना वांटण्याचा कायदा १९५२ सालीं केला, आणि त्यांत युनायटेड फ्रूट या अमेरिकन केळीकंपनीच्या जमिनी सांपडल्या. १९५४ च्या मार्चांत व्हेनेझुएलाची राजधानी काराकास येथें अमेरिकी राष्ट्रांची परिषद भरली. तींत साम्यवादाविरुद्ध एक ठराव आला. त्याचा रोख कोणावर होता तें उघड होतें. बाजूनें १७ मतें पडलीं, विरुद्ध एकट्या ग्वाटेमालाचें. मेक्सिको व अर्जेंटिना तटस्थ राहिले. बाजूनें मत देणाऱ्यांत त्रुहियो, सोमोसा, बातिस्ता अशा हुकूमशहांचीं सरकारें होतीं, आणि यजमान पेरेस हिमेनेस हेहि त्याच पंक्तींतले. कोस्टारिका तर या यजमानामुळेंच परिषदेला गेला नाहीं. जूनमध्यें अमेरिकन गुप्तहेर खात्यानें पोसलेली फौज सरहद्द ओलांडून आंत शिरली आणि २७ तारखेस आर्बेन्स यांनीं राजीनामा दिला. पुढें त्या देशांत १९६० पासून १९९६ पर्यंत यादवी चालली. सत्यशोधन आयोगाच्या अंदाजाप्रमाणें तींत दोन लाखांवर माणसें मारलीं गेलीं किंवा नाहींशीं झालीं. हें वाचल्यावर पहिलेंच वचन बरें, असें कोणाला वाटणार नाहीं?

परंतु पहिल्या वचनाचाहि हिशेब मांडला पाहिजे, आणि तोच मांडावयाचें आम्ही टाळीत आलों होतों. १९७३ सालीं चिलींत आणि १९७६ सालीं अर्जेंटिनांत लष्करानें सत्ता घेतली, तेव्हां 'आमची अंतर्गत बाब' हे शब्द तेथील सेनापतींना तुरुंगाच्या भिंतीइतकेच उपयोगी पडले. इतकेंच नव्हे, तर देशोदेशींच्या या सेनापतींनीं परस्परांचे पळून गेलेले विरोधक शोधून काढण्यासाठीं 'कोंडोर' नांवाची गुप्त यंत्रणा आपसांत उभारली. म्हणजे, लोकशाही मानणाऱ्या शेजाऱ्यांना एकत्र येण्याचा संकोच वाटत होता. हुकूमशहांना तो वाटला नाहीं. हें वाक्य आम्हीं मनाशीं जुळविलें तेव्हां आमच्या जुन्या मताचा पहिला चिरा ढळला.

त्या राजवटी मावळल्यावर, म्हणजे अर्जेंटिनांत १९८३, ब्राझीलमध्यें १९८५ आणि चिलींत १९९० नंतर, जे लोक पुढें आले त्यांच्यांत तुरुंग व देशत्याग भोगलेले पुष्कळ होते. १९९१ च्या जूनमध्यें चिलीच्याच राजधानींत, सांतियागो येथें, संघटनेनें असा ठराव केला कीं, कोणत्याहि सभासद देशांत लोकनियुक्त सरकार अवचित उलथलें, तर दहा दिवसांच्या आंत सर्वांनीं एकत्र बसून विचार करावयाचा. फौज पाठवावयाची नाहीं. पण 'आम्हांला दिसलें नाहीं' असेंहि म्हणावयाचें नाहीं. सगळ्यांनीं, आधीं ठरवून, उघडपणें: या तीन शब्दांत १९५४ आणि १९९१ यांतील सारें अंतर सांठविलेलें आहे.

या रीतीचा उपयोग पाराग्वेंत दिसला. १९९६ च्या एप्रिलांत अध्यक्ष वास्मोसी यांनीं सेनापति ओव्हिएदो यांस पद सोडण्यास सांगितलें. सेनापतीनें उलट अध्यक्षांनाच राजीनामा मागितला. ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे आणि संयुक्त संस्थानें यांनीं तत्काळ अध्यक्षांची बाजू घेतली. संघटनेचे मुख्य चिटणीसहि येऊन दाखल झाले. कच खाऊं लागलेले अध्यक्ष त्यामुळें टिकले. पुढें त्यांनीं सेनापतीला संरक्षणमंत्रिपद देऊन प्रकरण मिटवूं पाहिलें, तेव्हां राजधानीच्या चौकांत जमलेल्या तरुणांच्या संतापामुळें तो सौदा फिसकटला. अध्यक्षाला धीर दिला शेजाऱ्यांनीं. लाज आणली ती घरच्यांनीं. दोन वर्षांनीं, १९९८ सालीं, 'मेर्कोसुर' या दक्षिणेकडील व्यापारी संघानें लोकशाही ही आपल्या सभासदत्वाची अटच करून टाकली.

तथापि लोकशाहीचा वैरी नेहमीं रणगाड्यांतूनच येतो असें नाहीं. कित्येकदां तो मतपेटींतूनहि येतो. पेरूचे निवडून आलेले अध्यक्ष फुहिमोरी यांनीं १९९२ सालीं कायदेमंडळच बंद केलें. २००० सालीं ते तिसऱ्यांदा उभे राहिले, तेव्हां मतदानाच्या दुसऱ्या फेरीवर देखरेख करण्याचें संघटनेच्या निरीक्षकांनीं नाकारलें. त्याच नोव्हेंबरांत जपानांतून राजीनामा धाडून फुहिमोरी मोकळे झाले. मग पेरूच्याच पुढाकारानें, ११ सप्टेंबर २००१ रोजीं, लिमा येथें आंतर-अमेरिकी लोकशाही सनद मंजूर झाली. न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले तोच हा दिवस. त्या धुरळ्यांत ही सनद जगाच्या नजरेआड झाली. तिच्या पहिल्याच कलमाचा आशय असा कीं, लोकशाही हा लोकांचा हक्क आहे आणि तिचें संवर्धन व रक्षण हें सरकारांचें कर्तव्य आहे. केवळ निवडणूक म्हणजे लोकशाही नव्हे. मानवी हक्क, कायद्याचें राज्य, अनेक पक्षांची मुभा आणि सत्तेच्या शाखांचें परस्पर स्वातंत्र्य हींहि तिचीं अंगें, असें पुढें लिहिलें आहे. दंड म्हटला तर सौम्यच: दोन-तृतीयांश मतांनीं सभासदत्व तहकूब करणें.

येथवर वाचून कोणी आनंदानें माना डोलावूं लागतील, तर त्यांस थांबविणें आमचें काम आहे. २८ जून २००९ रोजीं होंडुरासचे अध्यक्ष सेलाया यांना सैनिकांनीं झोपेच्या कपड्यांतच विमानांत बसवून कोस्टारिकांत पोंचविलें. आठवडाभरांत संघटनेनें एकमतानें होंडुरासचें सभासदत्व तहकूब केलें; तरीहि सेलाया पुन्हां अध्यक्षपदावर बसूं शकले नाहींत. २०१२ सालीं पाराग्वेच्या अध्यक्षाला तेथील कायदेमंडळानें घाईघाईनें काढलें म्हणून मेर्कोसुरनें पाराग्वेला बाजूला बसविलें, आणि त्याच्या गैरहजेरींत, ज्या व्हेनेझुएलाचा प्रवेश पाराग्वेनें अडवून धरला होता, त्याला आंत घेतलें. आग विझवितांना एक ट्रंक हळूच इकडची तिकडे झाली! पुढें त्या व्हेनेझुएलालाच लोकशाहीच्या कलमाखालीं २०१७ सालीं बाहेर बसवावें लागलें. सर्वांत अवघड प्रसंग तर घराचा मालकच एकेक तुळई काढूं लागतो तेव्हांचा. सनद ही सरकारांची. तीखालीं हांक मारण्याचा अधिकारहि सरकारांचा. जो तुळई काढीत आहे तो शेजाऱ्यांना कशास बोलावील? आणि शेजारी फार बोलूं लागले तर तो दाराला कडी लावतो. निकाराग्वानें २०२१ सालीं संघटना सोडण्याची नोटीस दिली आणि २०२३ च्या नोव्हेंबरांत तो बाहेर पडला.

मग या साऱ्या खटाटोपाचा उपयोग तरी काय? याचें उत्तर आम्हांला पुन्हां ग्वाटेमालांतच मिळालें. १९४४ च्या क्रांतीनंतर निवडून आलेल्या त्या आरेवालोंचा मुलगा, बेर्नार्दो आरेवालो, हा वडील परागंदा असतां १९५८ सालीं उरुग्वेच्या राजधानींत जन्मला. ज्या देशाची १९४५ ची सूचना शेजाऱ्यांनीं नाकारली होती, त्याच देशांत. २०२३ च्या ऑगस्टांत तो ग्वाटेमालाचा अध्यक्ष निवडून आला. लगेच तेथील सरकारी फिर्यादी खात्यानें त्याच्या पक्षावर बडगा उचलला आणि निवडणुकीचे कागदहि जप्त केले. २ ऑक्टोबरपासून तोतोनिकापान व इतर भागांतील मूळच्या रहिवाशांच्या पंचायतींनीं रस्ते अडविले, आणि पुढें त्यांची माणसें शंभर दिवसांवर त्या खात्याच्या दारांत बसून राहिलीं. संघटनेनें व शेजारी राष्ट्रांनीं पुनःपुन्हां एकच मागणें केलें: लोकांनीं ज्याला निवडलें त्याला बसूं द्या. या वेळीं वॉशिंग्टनहि त्यांच्याच बाजूला होतें. १४ जानेवारी २०२४ रोजीं शपथविधि ठरला होता, पण कायदेमंडळ तासांमागून तास घोळ घालीत राहिलें. पाहुणे म्हणून आलेल्या राष्ट्रप्रमुखांनीं आणि परराष्ट्रमंत्र्यांनीं मिळून तेथेंच एक निवेदन काढलें. बाहेर रस्त्यांत लोक उभेच होते. मध्यरात्र उलटल्यावर शपथ झाली. सत्तर वर्षांपूर्वीं ज्या घराला शेजाऱ्यांनींच काडी लावून दिली, त्या घरापुढें शेजारी या वेळीं रिकाम्या हातांनीं, पण सर्व मिळून, पहांटेपर्यंत उभे राहिले.

आमच्या बाजूला, १९८५ च्या सार्कच्या सनदेनें द्विपक्षीय आणि वादग्रस्त विषय चर्चेस घ्यावयाचेच नाहींत, असें ठरवून ठेवलें आहे. तें अविचारानें केलें असें आम्ही म्हणत नाहीं. लहान शेजाऱ्यांच्या मनांतील भीति आम्हांला आतां अधिक कळते. परंतु त्या भीतीवर उपाय मौन हा नव्हे. मोठ्यालाहि बांधील असा, सर्वांनीं आधीं मान्य केलेला नियम हा आहे, एवढें मात्र आम्हांला पटलें आहे. तेवढ्यानेंहि भागत नाहीं. घरांतलें माणूस उठून दाराशीं आलें नाहीं, तर बाहेरची थाप फुकट जाते. आणि बाहेर कोणी नसेल, तर दाराशीं आलेलें माणूस आंत ओढलें जातें.

त्या वाड्यांतील गोष्टीचा शेवट असा झाला. एका रात्रीं आवाज सुरू झाला तेव्हां तीन बिऱ्हाडांतल्या तीन बाया कंदील घेऊन एकदमच त्या दाराशीं गेल्या. त्यांचा त्या घराशीं कसलाहि वाद नव्हता, आणि त्यांनीं भांडणाचें कारणहि विचारलें नाहीं. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. थोड्या वेळानें कडी आंतून निघाली, आणि ती काढली होती त्या बाईंनींच. त्या तिघींत आमच्या घरचें कोणी नव्हतें. आम्ही खिडकींतून पाहत होतों.