बाजीरावांची थंडी

हवामान खात्याचं मोठं ऑफिस १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. ही नुसती सवय नाही, सूचना आहे, असं माझं मत. याच गावात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशावर उतरला होता. हे तुम्हाला ठाऊक नसेल. मलाही नव्हतं. घरात मासा असल्याशिवाय माणूस असल्या चौकशा करीत नाही.

मासा माझा नव्हे, कन्येचा. जूनमध्ये ती शिकायला बंगळूरला गेली आणि जाताना बारा लिटरची काचेची टाकी, आतल्या निळ्या माशासकट, माझ्या हवाली करून गेली. जात ‘फायटर’. मूळ गाव सयाम, म्हणजे आताचं थायलंड. दोन नर एकत्र आले की एकमेकांच्या परांच्या चिंध्या करतात, म्हणून एकटाच ठेवायचा. नाव बाजीराव. तेव्हापासून तिचा फोन आला की पहिला प्रश्न, ‘बाजीराव कसाय?’ आमच्या हिनं ‘जेवलीस का गं?’ विचारलं की मात्र रेंज जाते.

दिवाळीपर्यंत बाजीराव नावाला जागले. आरसा धरला की कल्ले फुलवून स्वारीला निघायचे. डिसेंबरात एका सकाळी पाहतो, तर तळाला निपचित. दाणा टाकला, त्यांनी दाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. घरातला थर्मामीटर बुडवला, पण तो तापाचा. पस्तिसाच्या खाली त्याला वाचताच येत नाही. टाकीचा वेगळा आणला. अठरा!

‘बाबा, त्याला सव्वीस लागतं! हीटर आण. आजच.’ एवढं बोलून ती गप्प झाली. पाचवीत गणितात नापास झाली होती तेव्हा अशीच गप्प झाली होती.

हीटर ही विजेची वस्तू, म्हणून मी बँकेतून सुटल्यावर थेट तपकीर गल्ली गाठली.

‘पाणी तापवायचंय? हा घ्या रॉड. पंधराशे वॅट.’

‘पाणी बाराच लिटर आहे.’

‘मग पंधरा मिनिटांत कढत.’

‘आत मासा असतो.’

‘मग आधी काढून घ्यायचा,’ असं म्हणून दुकानदारानं रॉड खोक्यात परत ठेवला.

माशांच्या दुकानात प्रथम ‘फायटरला काही लागत नाही हो, बरणीतसुद्धा राहतो’ असं ऐकवण्यात आलं. बरणीत राहतो, हे खरंच. अंधारकोठडीत माणूसही राहतो. मी हटत नाही असं पाहून मालकांनी शंभर वॅटचा हीटर पुढं केला. ‘पंचवीसचा घेऊन हात कशाला आखडता? हा पटकन तापवतो. आणि थर्मोस्टॅट आहे की! सव्वीसला आपोआप बंद.’ गॅरंटी सहा महिने. हीटरची, माशाची नाही.

खोकं न घेताच घरी आलो, कारण ‘आपोआप’ या शब्दाची मला धास्ती आहे. आमच्या बँकेत जे जे आपोआप व्हायचं असतं, त्यासाठी मला रविवारी जावं लागतं. तळमजल्यावरच्या काकांचं आयुष्य विजेच्या तारांत गेलेलं. त्यांना विचारलं, ‘थर्मोस्टॅट बिघडला तर काय होतं?’

‘साधा असेल तर आतल्या पट्ट्या ठिणग्यांनी चिकटतात. चिकटल्या की हीटर चालूच.’

मग त्यांनी पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीवर मला हिशेब करून दाखवला. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला साधारण ४,२०० ज्यूल लागतात. शंभर वॅटचा हीटर चिकटला तर बारा लिटर पाणी सुरुवातीला तासाला सात अंशांनी चढणार. म्हणजे आपण रात्री अकराला झोपायचं आणि सकाळी उठून पाहायचं, तर बाजीरावांचं कालवण. पंचवीसचा चिकटला तर तासाला दोन अंशांच्या आत. तेवढ्यात काचेतून, वरून ऊब निसटत राहते आणि चढ लवकरच मंदावतो. गार खोलीत तो बिचारा सव्विसाच्या फार पुढं जायचाच नाही. आणि बंद पडला, तर पाणी हळूहळू निवतं. बाजीराव रुसतात, पण आपल्याला कळायला वेळ मिळतो.

मला एकदम कर्जाचं टेबल आठवलं. थर्मोस्टॅट म्हणजे जामीनदार. हप्ते वेळेवर येतात तोवर जामीनदारासारखा सज्जन नाही. ते थकले की तो गावी गेलेला असतो. म्हणून कर्ज बुडालं तरी बँक बुडणार नाही एवढंच द्यावं. वीस वर्षं हे कर्जदारांना ऐकवतोय. माशाच्या दुकानात मात्र विसरत होतो.

पंचवीसचाच आणला. पण बाजीरावांशी गाठ घालून देण्यापूर्वी दोन रात्री बादलीत चालवून पाहिला.

‘अहो, बादलीला ताप आलाय का?’ ही रात्री दोन वाजता म्हणाली. मी टॉर्च घेऊन वाकलो होतो.

‘सव्वीस,’ मी म्हणालो आणि वहीत लिहिलं.

‘मुलीच्या तापातसुद्धा इतकं उठला नव्हतात.’

ते अगदी खोटं आहे. पण त्या वेळी वही ठेवली नव्हती, त्यामुळे पुरावा नाही.

काकांच्या आज्ञा वेगळ्या होत्या. पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढायचा. पाणी बदलताना हीटर आधी बंद करून निवू द्यायचा, नाहीतर तापलेली काच उघडी पडून तडकते. वायर प्लगच्या खाली झोळीसारखी लोंबती ठेवायची, म्हणजे ओघळ सॉकेटात जात नाही. टाकीवर झाकण माझ्या वहीतलं. हा मासा वर येऊन हवाही घेतो. खालून ऊब आणि वरून डिसेंबर, हे बरं नव्हे.

तिसऱ्या दिवशी हीटर टाकीत गेला. संध्याकाळी बाजीराव वर आले, तीन दाणे खाल्ले आणि माझ्या चष्म्यातल्या स्वतःवर कल्ले फुलवून धावून गेले. मी तसाच फोन लावला.

‘किती?’

‘सव्वीस.’

‘खाल्लं?’

‘तीन दाणे.’

पलीकडं जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, ‘मी पण जेवलेय. आईला सांग.’