समितीत रोगी कोठे आहे?

इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाला आपण सारे ‘एम. वाय.’ म्हणतो. १९९४ साली सुरतेत प्लेग उद्भवला, तेव्हा उंदरांनी पोखरलेल्या या रुग्णालयाची शहराने धास्ती घेतली. रुग्ण अन्यत्र हलवून इमारत रिकामी केली गेली, हजारो उंदीर मारले गेले, नागरिकांनी हात सैल सोडून देणग्या दिल्या. आणि त्यातूनच ‘रोगी कल्याण समिती’ जन्मास आली. ज्यांना परवडेल त्यांच्याकडून माफक शुल्क घ्यावे व ते सरकारी तिजोरीत न जाता रुग्णालयातच खर्च व्हावे, अशी ही योजना. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर नेली. इंदूरकरांना याचा अभिमान वाटतो, आम्हांसही वाटतो.

परंतु शासकीय सेवेत असताना अशा समित्यांच्या बैठकांना आम्ही बसलो आहोत. लोकप्रतिनिधी, अधिकारी, डॉक्टर, देणगीदार असे सारे उपस्थित. जनित्र, छत, रंगकाम यांवर चर्चा. ज्याच्या नावाने समिती, तो रोगी तेवढा बाहेरच्या बाकावर! देणगी देऊन समितीत येता येई; आजारी पडून मात्र नाही.

कोणी म्हणेल, वैद्यक न जाणणाऱ्याने तेथे काय सांगावे? औषध कोणते, हे त्याने सांगू नये, हे खरेच. पण ते बाहेरून विकत आणावे लागले का, प्रसूतीच्या वेळी कोणी पैसे मागितले का, शौचालयाला कडी आहे का, हे त्याच्यावाचून कोण सांगणार? तेही खाटेवर असताना, उपचार करणाऱ्यांसमक्ष विचारून उपयोग नाही. उद्याचे इंजेक्शन ज्यांच्या हातून घ्यायचे, त्यांच्याविरुद्ध तो आज काय बोलणार?

२००७ पासून महाराष्ट्र, मध्य प्रदेश यांसह नऊ राज्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. गावकऱ्यांनी आरोग्यसेवेच्या प्रगतिपुस्तकात हिरवा, पिवळा, लाल असे शेरे दिले. जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे गाऱ्हाणी मांडली. एकट्याचे भय समूहात ओसरते, हे त्यातील मर्म.

रुग्णाचे मत मागितले, की मागणाऱ्यावर ऋण चढते. काय केले आणि काय करता आले नाही, हे त्याला कळवल्यावाचून ते फिटत नाही. इतिवृत्तातील नोंदीने तर नाहीच. आपली मंडळे रुग्णालयांना खाटा, पंखे उदारपणे देतात. यापुढे देणगीसोबत एक विनंतीही करावी: बरे होऊन घरी गेलेले दोन रुग्ण, त्यांत एक स्त्री, समितीत घ्यावेत.