राहुटी केवढी असावी?

बारामतींत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास तुकोबारायांची पालखी पाहण्यासाठीं कोठें जावें लागत नाहीं. ती आपण होऊन त्याच्या गांवीं मुक्कामास येते. त्यामुळेंच कीं काय, आमच्या घरांतील कोणीहि चाळीस वर्षांत तिच्याबरोबर चार पावलें चाललें नव्हतें. पालखी येई, आम्ही दर्शन घेऊं, वारकऱ्यांना पिठलें-भाकरी वाढूं, आणि दुसऱ्या दिवशीं ती काटेवाडीच्या रस्त्यास लागली म्हणजे पुन्हां आपापल्या उद्योगाला लागूं. वहिनी मात्र त्या दिवशीं दारांत अंमळ अधिक वेळ उभ्या राहत. थोरल्या बंधूंच्या पश्चात् घराचा सारा भार त्यांनींच वाहिला. "एकदां इंदापूरपर्यंत तरी चालून यावें," असें त्या दरवर्षीं म्हणत, आणि दरवर्षीं कोणाची परीक्षा, कोणाचें बाळंतपण, कोणाचें दुखणें आडवें येई.

नारायणमहाराजांनीं १६८५ सालीं सुरू केलेला हा पालखीचा सोहळा २०२० व २०२१ या दोन वर्षीं साथीमुळें पायीं निघाला नाहीं. पादुका बसमधून पंढरपुरास गेल्या. रस्ता सुना राहिला. २०२२ सालीं पायीं वारी पुन्हां निघणार असें कळतांच पंचाहत्तरी उलटलेल्या वहिनींनीं आम्हांस बोलावून सांगितलें, "भाऊजी, यंदां मी जाणार. तुम्ही येत असाल तर या." भाऊजी कसले मागें राहतात! पाहतां पाहतां नऊ जण तयार झाले: वहिनी, आम्ही उभयतां, पुतण्या, त्याची पत्नी व दोन मुलें, आमचा मुलगा आणि सूनबाई. ओळखीच्या एका दिंडीनें भिशी घेऊन जेवणाची सोय करण्याचें कबूल केलें. निवारा मात्र तुमचा तुम्ही पाहा, असें स्पष्ट सांगितलें.

राहुटी केवढी घ्यावी, हा प्रश्न येथें उपस्थित झाला. अमरकोशांत तंबूला 'वस्त्रवेश्म' म्हटलें आहे, म्हणजे कापडाचें घर. रघुवंशांत अज स्वयंवरास निघतो तेव्हां वाटेंत त्याच्यासाठीं अशीं कापडाचीं घरें उभारलेलीं असतात. तीं केवढीं होतीं हें कालिदासानें सांगितलें नाहीं. पण त्याच्या अजाला नऊ माणसें एका छपराखालीं निजवावयाचीं नव्हतीं.

पुतण्यानें तीन लहान घुमटाकार तंबू सुचविले. कृत्रिम धाग्याचे, हलके, पिशवींत मावणारे. प्रत्येकावर 'चार माणसांसाठीं' असें छापलेलें. आम्हीं एकास टेप लावली. लांबी ७ फूट, रुंदी ७ फूट. ८४ इंचांस चारानें भागलें तर प्रत्येकाच्या वांट्याला २१ इंच आले. वर्गांतल्या बाकावर आम्ही मुलांना एवढीच जागा देत होतों, पण तीं निदान बसलेलीं असत. हे तंबू बनविणारे जीं माणसें मोजतात तीं खांद्याला खांदा लावून निजणारीं, कूस न बदलणारीं, आणि ज्यांना पिशवी, छत्री, ताट, तांब्या कांहींच नाहीं अशीं असतात. 'चार माणसांचा' याचा अर्थ गृहस्थाश्रमी मनुष्यानें दोन मोठीं माणसें, त्यांचें सामान आणि फार तर एक मूल, असा घ्यावा. शिवाय आंत शिरावयाचें तें रांगत. वहिनींच्या गुडघ्यांना तें कसें साधावें?

हे आक्षेप खरे होते. पण आमच्या मनांतलें कारण निराळें होतें, तें येथें कबूल करतों. आमच्या घरांत चूल एक असली तरी दारें आतां चार झालीं आहेत. रात्रीं नऊ वाजले कीं एकेक दार लागतें, आणि फटींतून तेवढा दिवा दिसतो. निदान तीन रात्री तरी सगळीं एका छपराखालीं निजावीं, मध्येंच कोणी बोलावें, कोणी हंसावें, ही आमची हौस होती. पुतण्या "काका म्हणतील तसें" म्हणून गप्प बसला.

मग आम्हीं हिशेब मांडला. निजलेल्या मनुष्यास ६ फूट लांब व २ फूट रुंद, म्हणजे १२ चौरस फूट जागा लागते. नऊ जणांस १०८. मंडपवाल्याकडे जाड सुती कापडाची १५ फूट लांब व १२ फूट रुंद राहुटी भाड्यानें मिळत होती. तिचें क्षेत्रफळ १८०. म्हणजे ७२ चौरस फूट सामानासाठीं शिल्लक! जन्मभर फळ्यावर क्षेत्रफळाचीं उदाहरणें सोडविलेल्या माणसास याहून अधिक समाधान तें काय असणार?

पहिला दिवस आनंदांत गेला. काटेवाडीस परीट मंडळींनीं पालखीपुढें धोतरांच्या पायघड्या घातल्या, मेंढ्यांचें रिंगण झालें, आणि आमच्या वहिनी एखाद्या शाळकरी मुलीसारख्या टांचा उंच करून तें पाहत होत्या. सणसरच्या मुक्कामीं राहुटी उभारूं लागलों तेव्हां मात्र हिशेबांतलीं भोंकें दिसूं लागलीं. राहुटीला नुसती तिच्या लांबीरुंदीएवढी जमीन पुरत नाहीं. चारी अंगांना ताणे आणि खुंट्या. म्हणजे प्रत्येक बाजूस तीन-चार फूट आणखी. आमचे ताणे शेजारच्या पालाच्या ताण्यांत गुंतले, आणि अंधारांत त्यांना अडखळून पडणाऱ्या वारकऱ्यांचें "माउली, माउली" आम्ही रात्रभर ऐकत होतों.

आंत आणखी मौज. राहुटीचा कणा ७ फूट उंच, आणि कडा जवळजवळ जमिनीला टेकलेल्या. मनुष्यास ताठ बसण्यास सुमारें ३ फूट उंची लागते, आणि ती कडेपासून अडीच फूट आंत आल्याशिवाय मिळत नाहीं. दोन्ही कडांचे अडीच-अडीच फूट, १५ फूट लांबीभर, म्हणजे ७५ चौरस फूट जागा निजण्याच्या कामाची, बसण्याच्या नव्हे. १८० मधून ७५ गेले, राहिले १०५. आमचे १०८ येथेंच तीन फुटांनीं बुडाले, आणि सामान तर अजून बाहेरच होतें.

शेवटीं सर्वांनीं दोन्ही कडांना डोकीं करून निजावें असें ठरलें. १२ फूट रुंदींत सहा फुटांचीं माणसें समोरासमोर निजलीं म्हणजे पाय मधोमध एकमेकांस लागतात. दार एकाच टोकाला. दुसऱ्या टोकाचें दार दोरीनें आंवळून त्याला सामान लावलेलें. वडीलधाऱ्या म्हणून मानाची, वारा न लागणारी अगदीं आंतली जागा वहिनींना दिली, आणि दारापाशीं आठ वर्षांचा नातू हट्टानें निजला. आम्ही बराच वेळ जागे होतों. नऊ जणांचा श्वास एका छपराखालीं ऐकूं येत होता. तें सुख आजहि आठवतें.

दुसऱ्या दिवशीं बेलवडीचें गोल रिंगण पाहून पुढें निघालों. निमगांव केतकीच्या मुक्कामीं रात्रीं वारा सुटला आणि पावसाची एक जोराची सर आली. हा प्रदेश पर्जन्यछायेंतला; पाऊस थोडा, पण येतो तेव्हां धसमुसळेपणानें येतो. मोठी राहुटी म्हणजे मोठें शीड. काळ्या मातींत भिजलेल्या खुंट्या एकेक करून वर येऊं लागल्या, आणि आम्ही पुरुष मंडळी ताणे धरून उभे राहिलों. सुती कापड भिजलें कीं त्याला आंतून स्पर्श करूं नये; जेथें बोट लागेल तेथून पाणी झिरपूं लागतें. कडेला डोकीं करून निजलेल्या माणसांनीं स्पर्श करावयाचा नाहीं म्हणजे काय करावें? दिंडींतल्या एका अनुभवी वारकऱ्यानें येऊन भोंवतीं चर खणून दिला, खुंट्या तिरप्या ठोकून दिल्या, आणि जातां जातां म्हणाला, "माउली, घर मोठं करायचं असलं तर दोन करावं." आम्हांला तें बोलणें त्या वेळीं आवडलें नाहीं.

तिसऱ्या दिवशीं इंदापूर सुमारें चार-पांच किलोमीटर राहिलें असतां वहिनींना भोंवळ आली. आरोग्य पथकांतील डॉक्टरीणबाईंनीं त्यांना तपासलें, साखर-मिठाचें पाणी पाजलें, आणि सांगितलें कीं यांच्या पोटांत दोन दिवस पुरेसें पाणीच गेलेलें नाहीं. आतां चालावयाचें नाहीं, ही सक्त ताकीद. ज्या इंदापुरापर्यंत चालत जाण्यासाठीं त्या चाळीस वर्षें थांबल्या, तेथें त्यांना जीपमधून न्यावें लागलें. गांवांत रिंगण चाललें होतें; टाळांचा गजर ऐकूं येत होता, आणि वहिनी एका झाडाखालीं डोळे मिटून पडल्या होत्या.

आम्ही सर्वांवर रागावलों. टँकर जागोजागीं उभे असतां वहिनींना पाणी द्यावयास कोणाला सुचूं नये? तेव्हां बारा वर्षांची नात हळूच म्हणाली, "आजोबा, दिलं तरी आजी पीत नाही. दुपारनंतर तर तांब्या तसाच ओतून टाकते."

"कां म्हणून?"

"रात्री उठावं लागतं ना. मग तुमच्या सगळ्यांच्या पायांवरून जावं लागतं. आणि दारात हा झोपतो. त्याला ओलांडलं तर वाढ खुंटेल म्हणते."

मुक्कामावर फिरत्या शौचालयांची व्यवस्था होती. पण तेथवर पोंचण्यासाठीं आधीं राहुटींतून बाहेर पडलें पाहिजे. मानाची जागा म्हणून आम्हीं त्यांना जेथें निजविलें तेथून दारापर्यंत १५ फूट अंतर, आणि त्या १५ फुटांत आठ जणांचे पाय. दिराच्या पायाला आपला पाय लावावयाचा नाहीं, निजलेलें मूल ओलांडावयाचें नाहीं, आणि कोणाला उठवावयाचेंहि नाहीं. आमच्या हिशेबांत माणसें होतीं, पिशव्या होत्या, ताठ बसण्याची उंचीसुद्धां मागाहून आली. रात्रीं उठणाऱ्या माणसाची वाट तेवढी कोठेंच नव्हती.

संध्याकाळीं आम्ही वहिनींपाशीं जाऊन बसलों. काय बोलावें तें सुचेना. त्याच म्हणाल्या, "अहो भाऊजी, दोन रात्रींचा तर प्रश्न होता. तुम्ही एवढ्या हौसेनं सगळ्यांना एकत्र निजवलंत, त्यात कुणाला उठवायचं!"

ती इंदापूरची रात्र आमच्या वहिनींनीं दाराशीं काढली, आणि आम्ही आंतल्या टोकास, सामानाला पाठ लावून. झोंप आली नाहीं.

२०२३ सालीं वैशाखांतच आम्हीं खडू घेतला. ओसरीवर चौकोन आंखले, आणि सर्वांना त्यांत प्रत्यक्ष निजावयास लावलें. नातवंडांना हा खेळ फार आवडला. जागा कोणी कोठें घ्यावी हें प्रथम वहिनींनीं सांगावयाचें असा नियम केला. एका राहुटीच्या दोन केल्या. बायकांसाठीं १३ फूट लांब व ९ फूट रुंद, मध्यें मनुष्य ताठ उभा राहील अशा उंचीचा, समोरासमोर दोन दारें असलेला तंबू. त्यावर छापलें होतें 'आठ माणसांसाठीं'. आम्हीं त्यांत पांच निजविलीं. सर्वांचीं डोकीं एकाच भिंतीला, आणि पायांपलीकडे ३ फुटांची मोकळी वाट दारापर्यंत. लुगडें बदलावयास, वेणी घालावयास आडोसा झाला तो वेगळाच. गेल्या वर्षीं सुनांनीं ती अडचण कशी सोसली हें आम्हांला त्यांनीं तेव्हांच सांगितलें. आम्हां चौघांना पुतण्याच्या पसंतीचा लहान घुमट, त्यांत रांगत शिरावें लागतें. आम्ही रांगलों.

त्या वर्षीं पाऊस लांबला होता आणि ऊन कडक होतें. कृत्रिम कापडाचे तंबू दिवसा भट्टीसारखे तापत. तिन्हीसांजा होईपर्यंत दोन्ही दारें उघडीं टाकून ठेवावीं लागत. दोन लहान तंबूंना जागा कोठेंहि मिळे, आणि कोणी आमच्या ताण्यांना अडखळलें नाहीं. रात्रीं बोलावयाचें झाल्यास कापडाच्या भिंतींतूनहि बोलतां येतें, हें आम्हांला सणसरलाच कळलें. पलीकडून वहिनींनीं विचारलें, "भाऊजी, पांघरूण आहे ना?" आम्हीं "आहे" म्हटलें, आणि मग नातवानें उगीचच "आजी, मलाही आहे" म्हणून सांगितलें.

वहिनी त्या वर्षीं इंदापुरांत स्वतःच्या पायांनीं आल्या. रिंगणांत घोडा धांवला तेव्हां त्यांनीं नातीचा हात घट्ट धरला होता. टापांखालची माती कपाळाला लावून थोडी पदराच्या गांठींत बांधून घेतली.

दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही त्यांना हांक मारावयास गेलों. दाराशीं त्यांचें अंथरूण घडी घालून ठेवलेलें होतें, आणि उशाशीं आदल्या रात्रीं नातीनें भरून ठेवलेला तांब्या. तो उचलून पाहिला, रिकामा होता.