मालवणच्या पावसाला पुरतील असे टायर

मे महिना उतरणीला लागला की आमच्या मालवणात पावसाच्या बेगमीची घाई सुरू होते. कौलं परतून होतात, लाकडं पडवीत येतात, सुके बांगडे आणि गोलमा डब्यांत जातो, आमसुलांची बरणी भरते. माझ्या घरी त्याच यादीत गाडीचे टायर असतात. चार महिन्यांत आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि त्या पावसात मला कामासाठी रोज मालवणहून कुडाळला जावं-यावं लागतं. टायर बदलायचे तर मृग लागायच्या आत बदलायचे. एकदा धार लागली की रस्ता कोणाला सवलत देत नाही.

गाडी फोक्सवागनची पोलो जीटी टीएसआय, दुसऱ्याच्या हातून घेतलेली. इंजिन फक्त १.२ लिटरचं, पण टर्बोमुळे १०५ अश्वशक्तीचं, आणि त्याचा जोर अगदी खालच्या आरपीएमपासून मिळतो. ही गाडी चाकणच्या कारखान्यात तयार व्हायची. २०२२ मध्ये कंपनीने पोलो इथे विकणं थांबवलं तेव्हा अनेकांना चुटपुट लागली, त्यांतली मी एक. मला गाडी चालवायला मनापासून आवडते. बाजार, बँक, आईला डॉक्टरकडे नेणं ही सगळी कामं हीच गाडी करते, आणि तरी चौके गाव मागे पडून रस्ता मोकळा झाला की स्टिअरिंगमधून हाताला जे कळत राहतं ते मला हवं असतं. म्हणून टायर शोधताना दोनच अटी होत्या. चालवण्यातला आनंद जाऊ नये, आणि चार टायरांनी घराचं गणित कोलमडू नये.

आधीच्या टायरांचा अजून गोटा झाला नव्हता. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजलेली चालते. खाचांच्या तळाशी जे छोटे आडवे उंचवटे असतात, तिथवर रबर आलं की टायरचं आयुष्य संपलं. पण ओल्या रस्त्यावरची पकड त्याच्या बरीच आधी, तीनेक मिलिमीटर उरल्यापासूनच उतरायला लागते. आदल्या पावसाळ्याच्या अखेरीस धामापूरच्या वळणांवर ईएसपीचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला होता, तोही मी सावकाश चालवत असताना. ईएसपी एकेका चाकाला हलका ब्रेक लावून गाडी रेषेत ठेवते, पण त्यासाठी लागणारी पकड शेवटी टायरच देतो. टायरकडेच ती नसेल तर यंत्रणा कितीही हुशार असून उपयोग नाही.

धामापूरचा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. तिथे सोळाव्या शतकातला तलाव आहे; २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला, म्हणून हल्ली पर्यटक थांबून फोटो काढतात. रस्त्यावर मात्र दोन्ही बाजूंच्या झाडांची सावली इतकी दाट की पाऊस थांबला तरी डांबर सुकत नाही. कडेला शेवाळ धरतं. गळलेली पानं भिजून डांबराला चिकटतात. जांभ्याच्या खाणीवरून चिरे नेणारे ट्रक येतात, त्यांच्या चाकांबरोबर तांबडा चिखल रस्त्यावर उतरतो. मालवणच्या बंदराकडून निघालेल्या मासळीच्या टेंपोतून बर्फाचं खारं, तेलकट पाणी गळत जातं. या सगळ्यावर पहिल्या सरी आल्या की रस्ता जो बुळबुळीत होतो, तो अगदी मुसळधार पावसातही होत नाही. जोराच्या पावसाने निदान धुऊन तरी जातो. अशा ठिकाणी गाडीचा वेग वाढवणारा टायर घेऊन मी काय करणार? मला थांबवणारा टायर हवा होता. आमच्या किनाऱ्यावर परफॉर्मन्स या शब्दाला मी तरी हाच अर्थ देते: ओल्या वळणावर हाताला खरं सांगणारा आणि ब्रेक दाबल्यावर लवकर थांबवणारा.

पुण्याच्या चुलतभावाचा सल्ला वेगळा होता. त्याचं म्हणणं, सोळा इंची रिम घाल, २०५ रुंदीचे टायर घाल, गाडीचं रूप पालटेल. त्याने काही परदेशी टायरांची नावंही दिली. त्यांतले बहुतेक माझ्या पंधरा इंची मापात मिळत नव्हते, आणि जे बाहेरून यायचे त्यांची आवक जून २०२० पासून आटली होती, कारण केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात परवान्याच्या अटीखाली आणली. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. कमी पैशांत चांगले टायर शोधायचे तर ते इथेच बनणाऱ्यांत शोधावेत, आणि इथे बनणारे आता खरोखर चांगले आहेत. अपोलो, सिएट, एमआरएफ, जेके आहेत. योकोहामाचा कारखाना हरियाणात बहादूरगडला आहे, ब्रिजस्टोनचा आपल्या चाकणला, गुडइयरचा वाळूजला.

मग कुडाळात एका जुन्या टायरच्या दुकानात गेले. दुकानातले काका वयस्कर, अख्खं आयुष्य पंक्चर आणि वल्कनायझिंगमध्ये गेलेलं. मी मापं बोलायला लागले तर त्यांनी हात वर केला.

"ताईनू, टायराचा नाव मगे. आदी सांगा, गाडी खयसून खय जाता?"

"मालवणसून कुडाळ. धामापूरच्या वाटेन."

"मगे रुंद टायर कित्याक होयो? चार म्हयने रस्त्यार पाणी असता. रुंद टायर पाण्यार चढता, अरुंद टायर पाण्यात घुसता."

त्यांनी एका वाक्यात सांगितलं ते १९६३ मध्ये नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी सहकाऱ्यासोबत प्रयोगांनी मांडलं होतं. प्रयोग मुख्यतः विमानांच्या टायरांवरचे होते. साचलेलं पाणी नक्षीतून बाहेर पडायला वेळ मिळाला नाही की टायर पाण्यावर उचलला जातो, आणि हे कोणत्या वेगाला होईल ते टायरमधल्या हवेच्या दाबावर अवलंबून असतं. त्यांच्या सूत्राने ३२ पीएसआय हवेला तो वेग ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो. हवा २४ वर उतरली तर ८२ च्या जवळपास. मोटारीचा टायर रस्त्याला टेकतो ती जागा विमानाच्या टायरच्या मानाने रुंद आणि आखूड, म्हणून तो या आकड्यांच्याही आधी तरंगू शकतो. टायर जितका रुंद, तितकं जास्त पाणी त्याला बाजूला सारावं लागतं. महामार्गावर कसालच्या पुढे उतारावर पाण्याचा पातळ थर धावत येतो तेव्हा हे आकडे पुस्तकात राहत नाहीत. एकेका टायरची पोस्टकार्डाएवढी जागा रस्त्याला टेकलेली असते, आणि गाडी, आई, मी, सगळे त्या चार पोस्टकार्डांवर असतो.

त्यामुळे माप कंपनीनेच ठरवलेलं ठेवलं: १८५/६० आर १५, पुढे ८४ एच. यातले ८४ म्हणजे एका टायरने ५०० किलो पेलायचे. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. तो वेग मला आयुष्यात नको आहे, पण त्या क्षमतेसाठी टायरची बांधणी जी घट्ट लागते ती वळणावर हाताला जाणवते. म्हणून स्वस्तातले टी अक्षरवाले, १९० पर्यंतचे, मी बाजूला ठेवले. काही टायरांवर ट्रेडवेअरचा आकडा छापलेला असतो. आकडा मोठा तेवढं रबर बहुधा कडक, झीज कमी. ऐंशी हजार किलोमीटर चालतो असं कौतुकाने सांगितलेला टायर मला नकोच होता. मऊ रबराचा, चाळीस-पंचेचाळीस हजारांत संपणारा टायर परवडतो, कारण तो तेवढे सगळे पावसाळे नीट धरून ठेवतो. रबरात सिलिका किती आहे हेही विचारलं. सिलिकेमुळे ओल्या रस्त्यावरची पकड वाढते आणि चाक फिरताना होणारा रोध, म्हणजे रोलिंग रेझिस्टन्स, कमी होतो. १९९० च्या दशकापासून चांगल्या टायरांत ती सर्रास आली. सिलिकेचं प्रमाण दुकानात कोणी सांगू शकत नाही, पण कंपनी कोणत्या टायरला ओल्या रस्त्यासाठीचा म्हणते आणि कोणत्याला मायलेजसाठीचा, एवढं तरी कळतं. २०२२ मध्ये केंद्राने ओल्या पकडीची, आवाजाची आणि रोलिंग रेझिस्टन्सची किमान पातळी सक्तीची केली, हे फार बरं झालं. ती किमान पातळी आहे, एवढं मात्र ध्यानात ठेवायला हवं.

शेवटी दोन नावं उरली: अपोलोचा अल्नॅक फोरजी आणि योकोहामाचा अर्थ-वन. दोन्ही मधल्या किमतीचे. माझ्या मापात एक टायर चार-पाच हजारांपासून सात-आठ हजारांपर्यंत जात होता, आणि हे दोन्ही त्याच्या मध्ये कुठेतरी. काकांकडे १८५/६५ चे ढीग होते, कारण तालुक्यात स्विफ्ट आणि डिझायर पुष्कळ. माझं १८५/६० मात्र मागवावं लागणार होतं. तोवर कोल्हापूरला जायचा योग आला. फोंडा घाट चढून राधानगरीवरून गेले आणि तिथल्या एका मोठ्या दुकानात चौकशी केली. किंमत चांगली सांगितली, सूटही भरघोस. मी वाकून साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष; म्हणजे २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. समोरच्या चारपैकी दोन टायर तीन वर्षांपूर्वीचे निघाले आणि चारही वेगवेगळ्या आठवड्यांचे. सूट कशाची होती ते कळलं. रबर गोदामात पडूनही म्हातारं होतं, कडक होतं, आणि पहिली उतरते ती ओली पकडच. नम्रपणे नको म्हणून परत आले.

काकांनी आठवड्याभरात अर्थ-वन आणले, चौघांवर एकाच आठवड्याची ताजी तारीख. माझ्यासाठी तिथेच निवड झाली. तारीख अल्नॅकची ताजी मिळाली असती तर तोच घेतला असता. तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ वर आलाय, म्हणजे आता याच पैशांत अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगही बसतं.

चार एकदम घेणं खिशाला जड होतं, म्हणून दोनच घ्यावेत का असाही विचार झाला. आपल्याकडे दोन नवे असले तर ते बहुतेक लोक पुढे घालतात, कारण ओढणारी चाकं पुढची. खरं तर ते मागे हवेत. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, ते ड्रायव्हरला कळतं आणि वेग सोडून सावरता येतं. मागची घसरली तर गाडी फिरते, आणि धामापूरच्या वळणावर फिरायला जागाच नाही. हे कळल्यावर मनात नवे-जुने मिसळायचं राहिलंच नाही. जुन्यांतला सर्वांत चांगला स्टेपनीसाठी ठेवला.

दोडामार्गकडे कधी गेलात तर रबराच्या बागा दिसतील, केरळातून आलेल्या शेतकऱ्यांनी लावलेल्या. झाडांना बांधलेल्या वाट्या, दोरीवर वाळत घातलेले रबराचे शीट. त्या बागांसाठी तिथलं जंगल तुटलं, याची खंत मला आहे, आणि ती टायर विकत घेताना जास्तच होते. जो टायर अकाली झिजतो त्याची किंमत फक्त माझ्या खिशातून जात नाही. म्हणून हवा दर पंधरवड्याला बघते, पेट्रोलच्या झाकणाआतल्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी होऊ देत नाही.

आमच्याकडे हवा उतरण्याचं आणखी एक कारण आहे, ते घाटावरच्या लोकांना चटकन सुचणार नाही. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने अलॉय रिमची कड खवडते, आणि टायर जिथे रिमला चिकटून बसतो तिथून सावकाश हवा सुटते. पंक्चर सापडत नाही, हवा मात्र जाते. नवे टायर चढवण्याआधी काकांनी चारही रिमच्या कडा ब्रशने घासून साफ केल्या, तिथे सीलंट लावलं. हे कोणी सांगितल्याशिवाय करणारा माणूस जवळ असणं ही टायरच्या नावाइतकीच मोलाची गोष्ट.

नव्या टायरवर साच्यातून येणारा गुळगुळीत थर असतो, म्हणून पहिले काहीशे किलोमीटर जपून चालवलं. मग जून आला. कट्टा गावच्या बाजारात माझ्या पुढचा टेंपो अचानक थांबला, रस्ता मासळीच्या पाण्याने चकाकत होता. गाडी जिथे थांबावी असं मनाने धरलं होतं तिथेच थांबली, ब्रेकखाली एबीएसची थरथरही आली नाही. धामापूरच्या वळणांवर ईएसपीचा दिवा आता उजळत नाही. स्टिअरिंग पूर्वीपेक्षा थोडं मऊ लागतं, महामार्गाच्या काँक्रीटवर आवाज थोडा येतो. ते मला मान्य आहे. वळणात गाडी वळते आणि किती पकड उरलीय ते हाताला समजतं, यातला आनंद तसाच आहे.

पुण्याचा भाऊ गणपतीला आला, माझी गाडी चौक्यापर्यंत चालवून आला, आणि रुंद रिमबद्दल काही बोलला नाही. आता त्याच्या स्विफ्टचे टायर झिजलेत. तिचं माप १८५/६५ आर १५, काकांकडे ढिगाने असतं. यंदाच्या तारखेचे चार बाजूला काढून ठेवा, असं मी काकांना सांगून ठेवलंय.